सिगरेटची नोंद माझ्या फाइलमध्ये होती

ही केस लिहायला घेतली कारण यात टीममधल्या प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं होतं आणि तरीही पेशंट 11 दिवस खाली खाली जात राहिला. मी त्या टीममधली सायकियाट्रिक सोशल वर्कर. पेशंटची आणि त्याच्या आईची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय किंवा बदललंय, हॉस्पिटलचं नाव देणार नाही. औषधाचे आकडे मात्र ठेवलेत कारण सगळी गोष्ट त्यांच्याभोवतीच फिरते.

पेशंट

वय 27, स्किझोफ्रेनिया, आजाराला 6 वर्षं झालेली. दोन वेगवेगळी अँटिसायकोटिक म्हणजे या आजारावरची नेहमीची औषधं आधी देऊन झाली होती, दोन्ही पूर्ण डोसमध्ये, प्रत्येकी 6 आठवड्यांच्या वर, आणि तो खरंच घेत होता याची खात्री करून. तरी त्याला कानात येणारे आवाज, जे बाकी कुणाला ऐकू येत नाहीत, ते थांबले नाहीत. अशा आजाराला ट्रीटमेंट रेझिस्टंट म्हणतात आणि तिथे क्लोझापिनचा विचार करतात.

क्लोझापिनबद्दल थोडं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. औषध जुनं आहे. 1975 मध्ये फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही पेशंटच्या पांढऱ्या पेशी एकदम घसरल्या, त्यात मृत्यू झाले, आणि बऱ्याच ठिकाणी औषध मागे पडलं. मग 1988 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, इतर औषधांना दाद न दिलेले 268 पेशंट होते त्यात, क्लोझापिनवर 30 टक्के लोकांना फरक पडला आणि तुलनेसाठी दिलेल्या क्लोरप्रोमाझिनवर फक्त 4 टक्क्यांना, त्यानंतर ते परत आलं पण नियमित रक्ततपासणीची अट घेऊन. म्हणजे हे एकट्या डॉक्टरने द्यायचं औषधच नाहीये. डॉक्टर लिहितो, नर्स रक्त घेते, फार्मासिस्ट पेशींचा आकडा बघून मगच गोळ्या सोडतो, आणि तारखेला पेशंट येतोय की नाही हे कुणीतरी बघावं लागतं, ते बहुतेक वेळा आमच्यासारख्यांकडे येतं.

या मुलाला ओपीडीतच 12.5 मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू 400 पर्यंत नेलं होतं. छान चाललं होतं. आवाज पूर्ण गेले नव्हते पण तो म्हणायचा, शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असल्यासारखे येतात, मी लक्ष देत नाही. रक्तातली लेव्हल तेव्हा 410 नॅनोग्रॅम प्रति मिली होती. साधारण 350 च्या वर असली तर औषध काम करायची शक्यता चांगली आणि 600 च्या वर गेली की झटक्यांची म्हणजे फिट येण्याची काळजी वाढत जाते, तर 410 म्हणजे अगदी हवी तिथे.

मग आईचं ऑपरेशन ठरलं. घर विस्कटलं, याची झोप गेली, शेजारचे आपल्याबद्दल बोलतात असं परत वाटायला लागलं, आणि तो स्वतःच म्हणाला मला काही दिवस ॲडमिट करा. आपण होऊन आला होता, हे लक्षात असू द्या.

पहिला दिवस, तीन नोंदी

ॲडमिशनच्या दिवशी डॉक्टर मॅडमनी नेमका महत्त्वाचा प्रश्न विचारला की मधे गोळ्या चुकल्या का, कारण क्लोझापिन 48 तासांपेक्षा जास्त चुकलं तर परत 12.5 पासून चढवावं लागतं, एकदम जुना डोस देता येत नाही. एकच वेळ चुकली होती. म्हणून 400 तसंच चालू ठेवलं. बरोबर निर्णय.

वॉर्डच्या नर्सने सामान तपासलं आणि सामानाच्या रजिस्टरमध्ये लिहिलं: कपडे 3 जोड, मोबाइल, चार्जर, लायटर 1, सिगरेटचं अर्धं पाकीट. लायटर आणि पाकीट जमा करून घेतलं, कारण वॉर्डात धूम्रपान बंद आहे. सही केली, वेळ टाकली.

मी संध्याकाळी घरची हिस्टरी घेतली. ती 6 पानांची झाली. तिसऱ्या पानावर "सवयी" खाली माझ्याच अक्षरात आहे: सिगरेट रोज सुमारे 20, आईला माहीत नाही असं तो म्हणतो. आणि दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ऑक्युपेशनल थेरपिस्टने, आम्ही तिला ओटी म्हणतो, तिच्या वहीत लिहिलं की हात मोकळा असला की बोटं सिगरेट धरल्यासारखी करतो.

म्हणजे एकाच गोष्टीच्या तीन नोंदी, तीन वेगळ्या कागदांवर, तीन वेगळ्या लोकांच्या, आणि तिघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं की ही माहिती औषधाची आहे. नर्सच्या लेखी तो वॉर्डच्या सुरक्षेचा विषय होता. माझ्या लेखी आई-मुलातल्या लपवाछपवीचा. ओटीच्या लेखी रिकाम्या हातांना काम द्यायचा.

दिवस 4 ते 11

चौथ्या दिवसापर्यंत बरं होतं. झोप लागायला लागली, सगळ्यांनाच हायसं वाटलं. सहाव्या दिवशी सकाळी 10 पर्यंत उठला नाही. आठव्या दिवशी उशी भिजलेली, लाळेने, अभ्रा दोनदा बदलला. लाळ क्लोझापिनवर येतेच, नवीन काही नाही, म्हणून कुणी दचकलं नाही.

नवव्या दिवशी ओटी रूममध्ये त्याला पाकिटं लावायचं काम दिलं होतं, पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवून रंगाप्रमाणे गठ्ठे करायचे. पहिल्या आठवड्यात जे काम त्याने 12 मिनिटांत केलं होतं त्याला 40 मिनिटं लागली. ओटीने लिहिलंय, शब्दशः देते: "डोळे मिटतात. मधेच हाताला झटका बसल्यासारखं होऊन पाकीट खाली पडतं, 3 वेळा. विचारलं तर म्हणतो काही नाही." हे वाक्य मी नंतर कितीतरी वेळा वाचलं. क्लोझापिन वाढलं की स्नायूंना असे बारीक झटके येऊ शकतात आणि ती कधी कधी फिट येण्याआधीची सूचना असते. ओटीचं काम असतं माणूस रोजची कामं कशी करतो ते बघणं, तिने ते बघितलं, मोजलं, लिहिलं. ती नोंद पुढे डॉक्टरपर्यंत गेली नाही कारण ओटीचा रिपोर्ट आमच्याकडे आठवड्यातून एकदा एकत्र जायचा.

सायकॉलॉजिस्ट मॅडमचं दहाव्या दिवशी सेशन झालं. मुलगा एक-दोन शब्दांत उत्तर देत होता, "काही वाटत नाही", "माहीत नाही", नजर खाली. डिप्रेशनच्या स्केलवर स्कोअर बराच वर आला. त्यांनी फॉर्म्युलेशन, म्हणजे या त्रासामागे काय असावं ते, मांडलं: आईच्या ऑपरेशनमुळे तिला गमावायची भीती, त्यातून आलेली उदासी, आणि आपण आजारी पडून तिच्या अडचणीत भर घातली हा अपराधीपणा. ऐकायला पटणारं होतं. आणि खोटं तर अजिबात नव्हतं, ते पुढे येईलच.

डॉक्टर मॅडम दोन शक्यतांमध्ये होत्या. एक, आजाराचीच निगेटिव्ह लक्षणं वाढली, म्हणजे इच्छा, बोलणं, भावना सगळं आटणं. दुसरी, वरून डिप्रेशन. त्या अँटिडिप्रेसंट सुरू करायच्या विचारात होत्या.

आई ऑपरेशननंतर नवव्या दिवशी पहिल्यांदा भेटायला आली, काठी टेकत. माझ्यासमोर बसून म्हणाली, "ताई, मी चालता-बोलता मुलगा दिला होता तुम्हाला." मी तिला समजावलं की आजारात चढउतार होतात, थोडा धीर धरा. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं म्हणून बोलले, पण आज ते आठवलं की आत तुटतं, कारण तिला दिसत होतं आणि मी तिला गप्प केलं.

मंगळवारची मीटिंग

आमची टीमची मीटिंग मंगळवारी असायची. आधी डॉक्टर, मग सायकॉलॉजिस्ट, मग मी, मग ओटी, शेवटी वॉर्डची इनचार्ज सिस्टर नर्सिंगच्या नोंदी वाचून दाखवणार आणि तोपर्यंत पुढच्या ओपीडीची वेळ झालेली. रात्रपाळीची सिस्टर मीटिंगला नसायचीच, तिची ड्यूटी सकाळी संपते. फार्मासिस्ट सर आठवड्यातून तेवढ्याच दिवशी यायचे, बहुतेक कोपऱ्यात बसून ड्रग चार्ट तपासायचे.

त्या मंगळवारी रात्रपाळीची सिस्टर घरी गेली नाही. ड्यूटी संपून दोन तास झाले होते, ती दाराशी उभी होती. डॉक्टर मॅडमनी डिप्रेशनचं मांडून झाल्यावर ती आत येऊन म्हणाली, "मॅडम, एक बोलू का. हा झोपतो ते उदास माणसासारखं नाही झोपत. उदास माणूस पहाटे तीन-चारला उठून बसतो, मी 15 वर्षं रात्री बघतेय. हा हलवला तरी उठत नाही. पल्स 116 आहे. आणि चार दिवस झाले, त्याला संडासला झालेलं नाही."

चार दिवस. शौचाचा तक्ता नर्सिंग फाइलमध्ये असतोच, त्यात चार चौकोन रिकामे होते. रिकामा चौकोन बघून वाटतं भरायचा राहिला असेल. इथे तो रिकामा चौकोन हाच निष्कर्ष होता. क्लोझापिनचं नाव काढलं की सगळे पांढऱ्या पेशींना घाबरतात पण बद्धकोष्ठता साधी गोष्ट नाहीये, क्लोझापिन आतड्यांची हालचाल मंद करतं आणि आतडी पूर्ण थांबली तर जीव जाऊ शकतो, असे मृत्यू नोंदलेले आहेत. आणि ते बघायची जागा फक्त नर्सिंगकडे आहे, बाकी आमच्यापैकी कुणीही पेशंटला हा प्रश्न रोज विचारत नाही.

फार्मासिस्ट सरांनी चार्टवरून मान वर केली आणि विचारलं, "हा बाहेर सिगरेट ओढायचा का? किती?"

खोलीत कुणी बोललं नाही. मग मी फाइल उघडली, तिसरं पान, आणि वाचलं, रोज सुमारे 20.

सर फळ्यापाशी गेले. त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते कारण मला 9 वर्षांच्या नोकरीत हे माहीत नव्हतं आणि माझ्यासारखे बरेच असतील. सिगरेटच्या धुरात जी रसायनं असतात ती यकृतातल्या सीवायपी 1ए2 नावाच्या एन्झाइमला, म्हणजे औषध मोडणाऱ्या प्रथिनाला, जास्त जोरात कामाला लावतात. क्लोझापिन मुख्यतः त्याच एन्झाइमने मोडलं जातं. म्हणजे ओढणाऱ्या माणसात औषध लवकर संपतं, म्हणून त्याला जास्त डोस लागतो, आणि त्यासाठी दिवसाला 20 सुद्धा लागत नाहीत, 7 ते 12 सिगरेट पुरतात. आता तो माणूस एकदम ओढायचा थांबला, मग कारण कुठलंही असो, वॉर्ड, प्रवास, आजारपण, तर काही दिवसांत एन्झाइम आपल्या मूळ वेगावर येतं आणि तोच डोस रक्तात साठत जातो. लेव्हल दीडपट, कधी दुप्पट. हे धुराचं काम आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळे निकोटिनचा पॅच किंवा च्युइंगगम दिला म्हणून लेव्हल वाढायची थांबत नाही. तोंडात ठेवायच्या तंबाखूतही धूर नसतो, तिने हे होत नाही.

म्हणजे आम्ही त्याला 400 देत होतो आणि त्याचं शरीर ते जवळजवळ दुप्पट असल्यासारखं झेलत होतं. झोप, लाळ, पल्स, पोट, हाताचा झटका, सगळं एका ओळीत बसलं.

सर पुढे म्हणाले, कुठलं अँटिडिप्रेसंट ठरत होतं ते मला माहीत नाही पण फ्लुव्होक्सामिन असतं तर ते याच एन्झाइमला अडवतं, लेव्हल कितीतरी पटीने वर गेली असती. डॉक्टर मॅडम म्हणाल्या ते मनात नव्हतं. मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण मी सिगरेटचं विचारलं नाही." त्यांनी हे सगळ्यांसमोर, ज्युनियर डॉक्टर बसलेले असताना म्हटलं. माझ्या मते त्या दिवशी टीम वाचली ती या वाक्यामुळे, कारण त्यानंतर कुणालाच स्वतःचा बचाव करावासा वाटला नाही.

त्या दिवशी कुणी काय केलं

डॉक्टर मॅडमनी लगेच तपासलं. पोट फुगलेलं पण मऊ, आतड्यांचे आवाज होते, म्हणजे अडलेलं नव्हतं. ईसीजी, पेशींची मोजणी, सीआरपी आणि ट्रोपोनिन (सूज आणि हृदयाला इजा दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) पाठवलं, कारण पल्स वाढायला हृदयाची सूज किंवा एखादं इन्फेक्शनही कारण असू शकतं आणि मोठ्या इन्फेक्शनमध्ये क्लोझापिनची लेव्हल आपोआप चढते. हे महत्त्वाचं आहे, सिगरेटचं उत्तर सापडलं म्हणून बाकी शोधायचं थांबवलं नाही. ते सगळे रिपोर्ट ठीक आले. डोस 400 वरून 300. पोट साफ व्हायचं औषध सुरू. क्लोझापिनच्या लेव्हलसाठी रक्त रात्रीच्या डोसनंतर 12 तासांनी घ्यायचं असतं, नाहीतर आकड्याला अर्थ नसतो, म्हणून सकाळचा डोस रक्त घेईपर्यंत द्यायचा नाही ही सूचना रात्रपाळीला लेखी दिली.

नर्सिंगने दर 4 तासांनी पल्स, बीपी, शुद्ध किती आहे ते, आणि शौचाचा तक्ता. झटक्यांसाठी ओटीने त्यांना हात कसा बघायचा ते दाखवलं, पाण्याचा अर्धा ग्लास धरायला द्यायचा. असं शिकवायला ती पहिल्यांदाच नर्सिंग स्टेशनवर गेली, आधी कधी कारणच पडलं नव्हतं.

लेव्हलचा रिपोर्ट बाहेरच्या लॅबमधून चौथ्या दिवशी आला. 890. डोस 250 वर आणला. पुढची लेव्हल 530. तोपर्यंत मुलगा सकाळी 7 ला उठून बाकीच्यांच्या आधी अंघोळ करायला लागला होता.

आईला कोण सांगणार

यावर टीममध्ये खरी चर्चा झाली, बाकी कशावर एवढी नाही. कुणी म्हणालं सोशल वर्करने सांगावं, घरच्यांशी बोलणं हे तिचं काम. मी म्हटलं मी बरोबर बसेन पण औषधामुळे त्रास झाला हे ज्याने औषध लिहिलं त्यानेच सांगायला हवं, नाहीतर आईला वाटेल डॉक्टर टाळतायत. डॉक्टर मॅडम लगेच हो म्हणाल्या. पण सिगरेटचं काय, तो म्हणालेला आईला माहीत नाही. मुलगा सज्ञान आहे, गुपित त्याचं आहे. तेव्हा आधी त्याला विचारलं. तो म्हणाला, औषध जास्त झालं एवढं सांगा, बाकीचं मी बघतो.

मग मॅडमनी आईला सांगितलं की रक्तात औषध जास्त साठलं होतं, आमच्या लक्षात यायला उशीर झाला, आम्ही दिलगीर आहोत, आता डोस कमी केलाय, रोज काय बघतोय ते हे. साध्या शब्दांत, 10 मिनिटं. आई रडली नाही, रागावली नाही, म्हणाली, "मी म्हटलं होतं ना ताईंना." मी म्हटलं हो काकू, तुम्ही म्हटलं होतं आणि मी ऐकायला हवं होतं.

सायकॉलॉजिस्टचं काम परत सुरू झालं

अंगावरची झोप उतरल्यावर, एकोणिसाव्या दिवशी सेशन झालं आणि मुलगा 50 मिनिटं बोलला. आई मेली असती तर मी गोळ्या कुणाच्या हातून घेतल्या असत्या, हे त्याचं वाक्य. म्हणजे भीती होतीच, अपराधीपणाही होता, सायकॉलॉजिस्ट मॅडमनी बघितलेलं खरं होतं, फक्त त्या दहाव्या दिवशीच्या गप्पपणाचं कारण ते नव्हतं. हे मुद्दाम लिहिते कारण अशा केसनंतर सोपं असतं म्हणणं की बघा, गोळीचा प्रश्न होता आणि हे मनाचं काहीतरी शोधत बसले. तसं नाहीये. दोन्ही होतं, आणि क्रम महत्त्वाचा होता. शरीर जागं झाल्याशिवाय त्या मनापर्यंत जाताच येत नव्हतं. स्केलचा स्कोअर गुंगीनेही वर जातो हे आता त्या स्वतःच ज्युनियर मुलींना सांगतात.

डिस्चार्ज आणि पायरीवरचा प्रश्न

पुढची गोम लक्षात आली का? वॉर्डात सिगरेट बंद म्हणून 250 पुरेसं होतं. घरी जाऊन ओढायला लागला की तेच 250 अपुरं पडणार, लेव्हल घसरणार, आवाज परत. म्हणजे डिस्चार्जचा डोस एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होता: हा ओढणार का?

डॉक्टरनी विचारलं. "नाही, सोडली आता." मी विचारलं. "नाही ताई." सायकॉलॉजिस्टला म्हणाला विचार करतोय.

आमच्या टीममध्ये एक पीअर सपोर्टवाला दादा आहे. त्याला स्वतःला हा आजार झालेला, आता बरीच वर्षं सावरलेला, ट्रेनिंग घेऊन काम करतो. त्याचं पद अजून अर्धवेळ आहे आणि काही लोकांना तो नेमकं काय करतो ते कळत नाही. तो थेरपी करत नाही, औषधाबद्दल सल्ला देत नाही, तो तिथून गेलेला माणूस म्हणून सोबत असतो. संध्याकाळी वॉर्डच्या पायरीवर दोघं बसले होते. दादाने आधी सांगितलं, तू जे सांगशील ते गप्पा म्हणून माझ्याकडे राहील पण तुझ्या तब्येतीला धोका असेल तेवढं मला टीमला सांगावं लागेल, चालेल? तो म्हणाला चालेल. मग दादाने सोडणार का असं विचारलंच नाही. विचारलं, "पहिली कुठे ओढणार?"

"गेटच्या बाहेर."

हे उत्तर आमच्यापैकी कुणालाच मिळालं नसतं. पांढरा कोट असो की माझी फाइल, आमच्या प्रश्नात चांगल्या उत्तराची अपेक्षा दिसते आणि पेशंट ती पुरवतात.

दादाच्या सांगण्यावरून नव्हे तर त्याच्या सोबतीने मुलाने ते दुसऱ्या दिवशी स्वतः डॉक्टर मॅडमना सांगितलं. आणि आता आईचाही प्रश्न होताच, कारण घरी गोळ्या तीच देते, डोस परत वाढताना बघून ती घाबरणार आणि कदाचित वाढवणारच नाही. मी त्याच्याबरोबर दोनदा बसले, कसं बोलायचं ते ठरवलं. फॅमिली मीटिंगमध्ये तो खाली बघत म्हणाला, "आई, मी सिगरेट ओढतो. रोज." आई म्हणाली, "माहितीय रे. शर्ट मीच धुते ना."

त्यानंतरची मीटिंग फार सोपी झाली.

प्लॅन एका कागदावर उतरवला. प्रत्येक ओळीसमोर एकाच माणसाचं नाव, "टीम बघेल" असं कुठेही लिहायचं नाही हे आम्ही ठरवलं, कारण टीम बघेल म्हणजे कुणीच बघणार नाही हे 11 दिवस अनुभवलं होतं. डिस्चार्जला 250. ओढायला लागल्यावर टप्प्याटप्प्याने आठवडाभरात वाढवायचं, डॉक्टर. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी जाऊन बघायचं, किती ओढतोय ते न रागावता विचारायचं, पोटाचं विचारायचं, पल्स बघायचा, कम्युनिटी नर्स. आठवड्याने लेव्हल, आकडा आला की त्याच दिवशी डॉक्टरना फोन, फार्मासिस्ट. दिवसातले काही तास घराबाहेर कामात जातील असं वेळापत्रक, ओटी. हे शेवटचं नुसतं वेळ घालवायला नाहीये, 1976 मध्ये लंडनमध्ये वॉन आणि लेफ या संशोधकांनी दाखवलं होतं की घरात सतत टोकणं आणि अति काळजी असेल तर पेशंट त्या माणसासमोर आठवड्याला 35 तासांपेक्षा जास्त असला की आजार उलटायचं प्रमाण वाढतं, आणि या घरात दोघंच होते, दिवसभर समोरासमोर. आईशी त्या टोकण्याबद्दल बोलायचं काम माझं.

पेशंटच्या नावापुढेही एक ओळ होती. ओढणं कमी केलं, बंद केलं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी कम्युनिटी नर्सला फोन.

नंतर

वॉर्डात तीन गोष्टी बदलल्या. ॲडमिशनच्या फॉर्मवर औषधांच्या रकान्याखालीच आता सिगरेटचा रकाना आहे, सवयींमध्ये नाही. सिगरेट ओढणारा आणि क्लोझापिनवर असलेला पेशंट आला की नर्स त्याच दिवशी फार्मासिस्टना फोन करते, मंगळवारची वाट बघत नाही. अशा वेळी पहिल्या आठवड्यातच डोस साधारण 25 टक्के कमी करायचा आणि लेव्हल बघत राहायची असा शिरस्ता पडलाय. आणि मीटिंग सकाळी लवकर घेतली जाते, रात्रपाळीची सिस्टर पहिल्यांदा बोलते आणि घरी जाते. यावर कुरकुर झाली, राउंड उशिरा सुरू होतो म्हणून, अजून होते. मला विचाराल तर ती 5 मिनिटं अख्ख्या मीटिंगमधली सगळ्यात मोलाची आहेत.

मुलगा घरी जाऊन साडेतीन महिने झाले. ओढतोय, रोज 8 ते 10. डोस 375, लेव्हल 420, शेजारच्या खोलीतला टीव्ही परत बारीक झालाय. गेल्या आठवड्यात त्याने नर्सला फोन केला, तारीख ठरवलीय म्हणाला, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सोडायचीय, तर गोळी कधीपासून कमी करायची? फार्मासिस्ट सर, डॉक्टर मॅडम आणि तो असे तिघं शुक्रवारी बसतायत. आईने मला विचारलं मी पण येऊ का. मी म्हटलं काकू, त्याला विचारा.